फुलांचं पाणी

आज सकाळी कुंपणावर गौरीचा पहिला हात उघडला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

दरवर्षी पडतो. आषाढातच ती वेल मेंदीच्या कुंपणावर चढायला लागते. तिच्या पानांची टोकं बारीक दोऱ्यासारखी वळतात आणि मिळेल त्या काटकीला धरून वर सरकतात. तोवर मी तिकडे न बघितल्यासारखं करते. श्रावण सरत आला की कळ्या माना खाली घालतात, पाकळ्या उलट फिरून वर उभ्या राहतात, मुळाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. कळलावीच्या या फुलांना आमच्याकडे गौरीचे हात म्हणतात आणि भाद्रपदात गौर आली की तिला वाहतात. मुंबईची माणसं गाडी थांबवून फोटो काढतात. "किती सुंदर! आम्ही नेली तर चालेल का?" मी नेऊ देते, पण पाठोपाठ सांगते, की हात धुवा, तोंडात काही घालू नका, याचा कंद माणूस मारतो. ती हसतात. मला हसू येत नाही.

मी मुळातच भित्री. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला दचकते. गवतात पाय टाकायच्या आधी काठी आपटते, कारण फुरसं हा विषारी साप मातीच्याच रंगाचा असतो. अवेळी फोन वाजला की उचलण्याआधी मनातल्या मनात दोन-चार माणसं मारून टाकलेली असतात. आमची वाडी रेवदंड्याच्या जवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जून लागला की लाटांचा आवाज घरात येतो आणि चार महिने जात नाही. यांची कंपनीतली नोकरी पाळीची, मुलगी पुण्याला, घरात मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. घाबरायला भरपूर वेळ.

माझ्या हातात फुलं आली ती काही वर्षांपूर्वीच्या वादळामुळे. आमच्या वाडीत सुपारीची इतकी गर्दी, की दुपारीसुद्धा सुपारी सोलणाऱ्या बायका उजेडासाठी अंगणात येऊन बसायच्या. त्या वादळात बऱ्याच सुपाऱ्या आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मागचं दार उघडलं तर समोर आभाळ. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून मी आभाळ बघितलं नव्हतं. मला त्या उजेडाचीच भीती वाटली. कितीतरी दिवस मी ते दार लोटूनच ठेवत होते.

मग मुलगी म्हणाली, "आई, तिथे ऊन येतंय ना, फुलं लाव. आणि नुसती लावू नकोस, गुच्छ करायला शीक. हाताला काम असलं की डोकं कमी चालतं." तिने मला फोनवर व्हिडिओ लावून दिले. एक परदेशी बाई काचेच्या फुलदाण्यांची रांग मांडून बसायची आणि कात्रीने कचाकच देठ कापायची. तिची भाषा मला अर्धीच कळायची, हात मात्र सगळे कळायचे.

मी स्वतःला एक नियम घालून घेतला. आठवड्याला एक गुच्छ करायचा, वहीत त्याचं चित्र काढायचं, आणि विकत काही आणायचं नाही. त्या ऋतूत आपल्या मातीत जे फुलेल त्याचंच काय ते करायचं. उन्हाळ्यात सोनचाफा, त्याचे देठ इतके आखूड की उभा म्हणून राहत नाही. अनंताचं फूल बोट लागलं की काळवंडतं. पावसात तेरडा, कर्दळ, सोनटक्का. दिवाळीच्या सुमाराला झेंडू आणि कुर्डूचे तुरे, थंडीत शेवंती आणि अबोली. माझा पहिला गुच्छ लग्नात नवऱ्यामुलाच्या हातात देतात तसला गच्च झाला. दुसराही तसाच. त्या बाईच्या गुच्छात फुलांमधून पलीकडची भिंत दिसायची. मला ते जमेना. कुठे रिकामं दिसलं की मी तिथे एक फूल खुपसून टाकायची, घरातला दिवा मालवायची भीती वाटते ना, तसं. चित्रांची वही भरत गेली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी फुलं लावत नव्हते, भोकं बुजवत होते.

एकदा कार्तिकात, वादळातून वाचलेल्या एका सुपारीचा फुलोरा वाऱ्याने खाली पडला होता. तो मी नुसता एका बाजूने लोंबत सोडला आणि दुसऱ्या बाजूला दोनच शेवंत्या ठेवल्या. बाकी काही नाही. ठेवून मागे सरकले. हे कामावरून आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तू केलंस?" इतक्या वर्षांत स्वयंपाक सोडून माझ्या कशाकडे ते असे थांबून बघत राहिले नव्हते. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला हे येईल.

आईंना हे प्रकरण पसंत नव्हतं. "फूल देवाला, न्हायतर डोक्यात," त्या म्हणायच्या. "ह्यो तिसरा परकार कुठला?" पण बागेला पाणी त्याच घालायच्या. घरातलं एकेक भांडं फुलदाणी होऊन बसायला लागलं, लोणच्याची बरणी, चहाची किटली, तेव्हा त्या मला 'कलाकार' म्हणायला लागल्या, आणि कौतुकाने नव्हे.

मग आला तो भाद्रपद. गौर यायला दोन दिवस होते. तिच्यापुढे ठेवायला एक रचना करून बघावी, म्हणून संध्याकाळी मी कुंपणावरून गौरीचे सात-आठ हात देठासकट कापून आणले. त्या वेलीचे देठ लवचिक, रुंद तोंडाच्या भांड्यात ठेवले की सगळे एका बाजूला कलंडतात. त्यांना अरुंद गळा हवा. घरात तसा गळा एकाच भांड्याला होता, पाणी प्यायच्या तांब्याला. फुलं जास्त टिकावीत म्हणून पाण्यात साखर आणि लिंबू घालतात, हे मी शिकले होते. चिमूटभर साखर पुरे असते. मी मेली हात सैल सोडून दोन चमचे घातली, अर्धं लिंबू पिळलं आणि तांब्या पडवीतल्या बाकावर ठेवला.

आईंनी ते बघितलं मात्र. "गौर यायची हाय अजून," त्या म्हणाल्या, "आन तू आधीच तिचे हात तोडून आनलेस?"

आमच्या घरात ती फुलं गौर आणायच्या दिवशीच तोडतात. मला हे माहीत होतं. पण मी मनातून आधीच चरकले होते, आणि घाबरलेलं माणूस फार वाईट बोलतं. माझा आवाज चढला. "फुलं आहेत ती, आई. तुमची भीती माझ्या गळ्यात नका घालू, माझी मला पुरे आहे!" शेजारच्या अंगणात धुणं काढणारी बाई हातातलं लुगडं तसंच धरून ऐकत उभी राहिली. आई आत गेल्या.

सकाळी मला वाटलं, आपणच चुकलो. गौरीच्या आधी ती फुलं आईंच्या डोळ्यांसमोर कशाला, म्हणून मी ती तांब्यातून काढून बरणीत घातली आणि बरणी पडवीच्या कोपऱ्यात सरकवली. तांब्यातलं पाणी केळीला ओतायचं होतं. तेवढ्यात आत दूध उतू जात असल्याचा वास आला. मी उठले आणि उठता उठता बाजूचं फुलपात्र उचलून तांब्यावर पालथं घातलं. मी घातलं असं म्हणवत नाही. तांब्या कधी उघडा ठेवू नये, ही लहानपणापासूनची शिकवण, ती हातातच बसलेली आहे. आणि आमच्याकडे पालथ्या फुलपात्राखालचं पाणी म्हणजे प्यायचंच पाणी. त्यात कुणी वाकून बघत नाही.

दूध गेलं ते गेलंच. ओटा पुसून मी बाहेर आले तर आई देवळातून येऊन बाकावर बसलेल्या, मांडीवर तांदळाचं सूप, फुलपात्र बाजूला उताणं.

"सरबत केलंस व्हय?" त्या म्हणाल्या. रात्रीनंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "पांचट झालंय जरा. तहान लागलेली, दोन फुलपात्रं प्यायले."

मला काय झालं ते मी सांगायचा प्रयत्न करते. आधी ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं. मी उंबऱ्यावर बसले. आई खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या, खडे अंगणात टाकत होत्या. कोपऱ्यातल्या बरणीत ते सगळे लाल हात वर करून उभे होते.

त्या वेळी मला आईंची काळजी वाटली, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. वाटली, पण ती दुसरी. पहिला विचार आला तो त्या शेजारणीचा. काल हिने भांडण ऐकलंय. आज म्हातारीला काही झालं तर गाव काय म्हणेल? सुनेने पाण्यात विष कालवलं म्हणेल. साखर घालून दिलं म्हणेल. पोलीस येतील, मुलीला पुण्याला कळेल, हे माझ्याकडे बघतील. मग वाटलं, फुलांचंच तर पाणी, कंद कुठे होता त्यात? कदाचित काही होणार नाही. न बोलता निभावून जाईल. सुपातले तांदूळ अर्धे निवडून झाले, मग सगळे झाले. आईंनी दुसरे घेतले. मी उंबऱ्यावर बसून होते आणि माझी सासू माझ्यासमोर विष पोटात घेऊन खडे वेचत होती.

मग आईंनी परत तांब्याकडे हात केला.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. तांब्या हिसकावला, पाणी अंगणात उडवलं, आणि मग सगळं एकदम बाहेर पडलं, फुलं, साखर, लिंबू, फुलपात्र. आई माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मंग आता रिक्षा बोलाव."

रफिकभाईंची रिक्षा रेवदंड्याहून अलिबागला जाते. मी फोनवर काय बरळले देव जाणे, पण ते वाटेतली माणसं उतरवून आले. "आधी अम्मांना बसवा, ताई. रडायचं नंतर," म्हणाले. रस्ता खड्ड्यांचा, पाऊस भुरभुरता. एरवी त्या रस्त्याने जाताना मी कुंपणाकुंपणावरची फुलं हेरत जाते. त्या दिवशीही डोळ्यांनी सवयीने तेच केलं आणि प्रत्येक कुंपणावर मला गौरीचे हात दिसले. इतके हात या रस्त्याला आहेत हे मला माहीत नव्हतं. आई माझ्या खांद्याला टेकून होत्या. प्रत्येक खड्ड्याला मी त्यांचा श्वास बघत होते. रफिकभाई आरशातून एकदा बघून हळूच म्हणाले, "अल्ला खैर करेल."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी पिशवीत एक फूल नेलं होतं, ते बघून त्यांनी मान हलवली. "पाण्यात किती उतरलं असेल ते सांगता येत नाही. काही झालंच तर उशिरा दिसतं. उद्यापर्यंत ठेवू या." मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "पाणी दिलं कोणी?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी आई बोलल्या.

"कोन देतंय? मीच प्यायले, न इचारता. हिची चूक न्हाय."

दुपारी आईंना दोनदा उलटी झाली. पोटात आग पडली म्हणाल्या. त्यांच्या हाताला सलाईन, आणि मी त्यांच्या पायांशी बसून त्यांचे तळवे बघत होते, भेगा पडलेले, भेगांत वाडीची लाल माती. मी आयुष्यभर हजार गोष्टींना घाबरले. त्यातली एकही खरी झाली नव्हती, हे तिथे बसल्यावर मला कळलं. खऱ्या भीतीत छातीत धडधड होत नाही. तिच्यात माणूस नुसता मोजत बसतो, एक श्वास, आणखी एक श्वास. हे कंपनीतून थेट तिथे आले. मी त्यांना सगळं सांगितलं. उंबऱ्यावर बसले तेवढं सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईंना घरी सोडलं. गौर त्याच दिवशी यायची होती. यांनी तेरडा आणला, आईंनी बसल्या जागेवरून सांगून गौर उभी करवली, आणि मग स्वतः उठून कुंपणावरचे ताजे हात तिला वाहिले. मला त्या फुलांकडे बघवेना. आरतीला मी मागे उभी राहिले.

त्यानंतर मी कात्रीला हात लावला नाही. दसऱ्याचा झेंडू झाडावर वाळला. शेवंती फुलली आणि गेली. वही कपाटात. मी नुसती बसून राहायची आणि आई पाणी प्यायल्या की त्यांच्याकडे बघायची. फाल्गुनात एका दुपारी आईंनी माझ्यापुढे अबोलीच्या चार काड्या आणि एक रिकामी बाटली आणून ठेवली. "हात असे मोकळे ठेवू नको," म्हणाल्या. "घाबरायला जागा होते."

मी परत सुरुवात केली. आता फुलांची भांडी वेगळी, त्यांच्या गळ्याला लाल दोरा, आणि ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत. प्रत्येक झाडाची मी चौकशी केली. कण्हेरीचा चीक कसा, धोत्र्याचं बी कसं, पांढऱ्या चाफ्याचं दूध कातडीला लागलं तर काय होतं. आधी मी फुलाचा रंग बघायची, आता देठ कुठे तुटतो, आत काय वाहतं, ते बघते. गुच्छ सुधारले. मुलगी फोटो बघून म्हणते, "आई, तुझ्या फुलांना आता श्वास घ्यायला जागा असते." असेल. जागा सोडताना मला अजूनही भीती वाटते, पण आता ती मी बुजवत नाही. गेल्या वर्षी शेजारणीने तिच्या लेकीच्या साखरपुड्याला माझ्याकडून बुके करून नेला. कर्दळ, सोनटक्का आणि सुपारीचा फुलोरा. तिला देताना मी तिच्या डोळ्यांत बघू शकले नाही.

आई आता ऐंशीच्या पुढे आहेत. नजर कमी झाली आहे, पण देठ हाताने चाचपून कुठला कितपत वाकेल ते त्या मला सांगतात. आज दुपारी आम्ही पडवीत बसून तेरडा निवडत होतो. बाहेर ऊन-पाऊस चाललेला. इतकी वर्षं झाली, किती वेळा ओठांवर आणून गिळलं. आज का बोलले ते माहीत नाही.

"आई, त्या दिवशी मी तुम्हाला लगेच सांगितलं नव्हतं. तुम्ही सरबत म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. मी गप्प बसले. बराच वेळ."

"ठावं हाय," आई म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी परत सांगायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"तुझं तोंड बघितलं, मंग कोपऱ्यातली बरनी बघितली. तवाच कळलं मला काय प्यायले ते." त्यांनी एक देठ खुडून बाजूला ठेवला. "आदल्या राती भांडलेलो आपन. मनात आलं, मुद्दाम ठेवलंय का काय हिनं? लई भ्या वाटलं गं. मरनाचं न्हाय. तुझं."

मी हातातला तेरडा खाली ठेवला.

"मंग म्हटलं, बघू तरी. म्हनून परत तांब्याला हात घातला. आडवतेस का न्हाय ते बघत होते." त्या थोडं हसल्या. "आडवलंस. केवढ्यानं ओरडलीस. मंग माझं भ्या गेलं."

तुमचं गेलं, मी मनात म्हटलं. उंबऱ्यावर बसलेली ती बाई मला अजून भेटते, आणि आईंनी हात पुढे केला नसता तर ती कधी उठली असती, हे तिला मी कितीदा विचारलंय. ती सांगत नाही. मी आईंनाच विचारलं.

"आणि मी ओरडले नसते तर?"

आईंची बोटं तेरड्याच्या पुढच्या देठावर थांबली.

"तर काय," त्या म्हणाल्या, "घोटभर आनखी घेतलं असतं. ओरडायला तेवढा येळ तुला मिळाला असता."